लोकल फंडाचा एक आणा व खेड्यांतील शाळा

मुंबई इलाख्यांतील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास लिहितांना एखाद्या जिल्ह्यांत शाळा थोड्या, हजेरी थोडी व परीक्षेंत उतरलेलीं मुलें त्याहूनहि थोडीं दिसलीं, कीं त्याचें कारण रयतेची अनास्था असें सांगून मोकळें होण्याची संवय पडली आहे. आमच्या मतें हा निवाडा देण्यापूर्वीं शाळेच्या पटाशेजारीं तिचा जमाखर्च मांडून पाहणें अवश्य आहे. विशेषतः ज्या जिल्ह्याचा जमीनमहसूल लहान, त्याच्या शाळांविषयीं तर हें फारच अवश्य आहे. तें कां, तें येथें थोडक्यांत सांगतों.

इलाख्यांत शिक्षणखातें १८५५ सालीं निघालें. आरंभीं, ज्या गांवास शाळा हवी त्यानें खर्चाचा अर्धा भाग सोसावा, बाकीचा सरकारनें द्यावा, असें धोरण होतें. ऐपतीच्या गांवांस तें मानवलें. गरीब गांवांस मानवण्यासारखें नव्हतें. पुढें १८६३ च्या सुमारास जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी घेण्याचें ठरलें, व १८६९ च्या मुंबई कायदा ३ अन्वयें तीस कायद्याचा आधार मिळाला. हाच लोकल फंड. त्याचे दोन तृतीयांश रस्ते वगैरे कामांकडे व एक तृतीयांश शिक्षणाकडे, अशी वांटणी होती.

आतां हिशेब पाहूं. ज्या गांवचा वसूल सालीना १००० रुपये, त्याची पट्टी १००० आणे, म्हणजे ६२ रुपये ८ आणे. तिचा तिसरा हिस्सा २० रुपये १३ आणे ४ पै. शाळेच्या वांट्यास वर्षाकाठीं येणारी रक्कम ती एवढीच. मास्तरास दरमहा १२ रुपये द्यावयाचे म्हटले तर सालीना १४४ रुपये लागतात. फी व इतर किरकोळ जमा बाजूस ठेविली, तर तेवढ्यासाठीं ६९१२ रुपये वसुलाचा मुलूख पाहिजे. म्हणजे हजार रुपये वसुलाचीं सुमारें सात गांवें मिळून एका मास्तराचा पगार निघे. इमारत, पुस्तकें व तपासणी हीं निराळींच. फंड एकत्र जमा होई, पण शाळा एकाच गांवीं बसे. उरलेलीं सहा गांवें पट्टी भरीत आणि त्यांचीं मुलें गुरांमागें जात.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत ही अडचण दुप्पट होई. जमीन कातळाची, खोऱ्यें अरुंद, वाड्या विखुरलेल्या. त्यामुळें एका शाळेच्या टप्प्यांत मुलें थोडीं येत. शिवाय तेथील पुष्कळ कुटुंबें मुंबईच्या चाकरीवर व पलटणींतील पगारावर पोसलीं जात. ही मिळकत साऱ्याच्या हिशेबांत येत नसल्यामुळें तिच्यावर आणाहि बसत नसे. सारांश, पट्टी मोजी ती जमिनीचा कस. मुलांची संख्या किंवा लोकांची शिकण्याची हौस ती मोजीत नसे.

ही विसंगति तेव्हांच ध्यानांत आणून देणारे गृहस्थ म्हणजे जोतीराव फुले. हंटर कमिशनपुढें १८८२ च्या आक्टोबरांत त्यांनीं जें निवेदन दिलें, त्यांत इलाख्यांतील सुमारें नऊ दशांश खेड्यांत, म्हणजे जवळ जवळ १० लाख मुलांकरितां, प्राथमिक शिक्षणाची कांहींच सोय नसल्याचें म्हटलें आहे. मास्तराचा पगार निदान १२ रुपये असावा, ही मागणी त्यांचीच. वरील हिशेबांत आम्ही हाच आंकडा धरिला आहे.

त्याच निवेदनांत, परीक्षेच्या निकालावर पैसा देण्याची पद्धत अज्ञ व गरजू लोकांत विद्याप्रसार करण्यास योग्य नव्हे, असेंहि ते सांगतात. ही पद्धत विलायतेंतील १८६२ च्या नियमांवरून आली. तेथें सहा वर्षांवरील मुलामागें हजेरीबद्दल ४ शिलिंग व परीक्षेबद्दल ८ शिलिंग ठरले होते. वाचन, लेखन व गणित यांपैकीं एका विषयांत मूल नापास झालें कीं २ शिलिंग ८ पेन्स कापीत. आमच्या इलाख्यांत खासगी शाळांच्या ग्रँटीस हें तत्त्व १८६५-६६ पासून लागूं झालें. त्याचा परिणाम उघड आहे. जेथें मुलें आधींच घरीं अक्षरओळख करून घेत, तेथें पैसा वाहे. जेथें शाळा हेंच एकमेव साधन, तेथें तो आटे. १९०४ च्या हिंदुस्थान सरकारच्या ठरावानें ही पद्धत सोडून देण्याचें धोरण स्वीकारलें.

हंटर कमिशननें, प्रांतिक सरकारनें स्थानिक जमेच्या निम्मी, म्हणजेच एकूण खर्चाची तिसरा हिस्सा रक्कम द्यावी, अशी शिफारस केली. तीहि हिशेबास लावून पाहूं. हजार रुपये वसुलाच्या गांवामागें आतां ३१ रुपये ४ आणे होतात, व एका मास्तरास ४६०८ रुपयांचा मुलूख लागतो. सातांऐवजीं पांच गांवें, इतकाच फरक. शिवाय मदत स्थानिक जमेच्या प्रमाणांत असल्यामुळें ज्याचा वसूल मोठा त्यास मदतहि मोठी. लहान जिल्ह्याचें उणें तसेंच राहिलें.

पुढें १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा, १९२३ व १९४७ चे प्राथमिक शिक्षणाचे कायदे, आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा, अशी शाळांची मालकी बदलत गेली. परंतु पैसा कोणत्या मापानें वांटावा, जमेच्या कीं गरजेच्या, हा प्रश्न प्रत्येक कायद्याबरोबर नव्यानें उभा राहिला. निकालाचा तक्ता हातीं घेणाऱ्यानें प्रथम हें माप विचारावें.

याकरितां गांवोगांवच्या जुन्या शाळांचे पट, हजेरीपत्रकें, पगाराच्या पावत्या व शेऱ्यांचीं पुस्तकें जतन होणें अगत्याचें आहे. पट व जमाखर्च एकाच गांवचे, एकाच सालचे मिळाले, तर अनास्था कोणाची होती याचा निर्णय तर्कानें करण्याचें कारण उरणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न टाकतां अभ्यासकांस दाखवावे, एवढीच विनंति आहे.