पाच मिनिटांचा खेळ, तासाभराची तयारी

बालमित्रांनो, 'चायनीज' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कोपऱ्यावरची लाल रंगाची गाडी, भडकलेली शेगडी, कढईवर ठणठण वाजणारा झारा आणि लालभडक शेजवान सॉस! पण चीन देश केवढा मोठा! आपल्याकडे पंजाबचं जेवण वेगळं आणि केरळचं वेगळं, तसंच तिथंही आहे. उत्तर चीनमध्ये गहू पिकतो, म्हणून तिथल्या शेवया गव्हाच्या. दक्षिणेत भात पिकतो, म्हणून तिथल्या शेवया तांदळाच्या.

आज आपण दक्षिणेकडचा एक पदार्थ पाहणार आहोत. घरी करायचा, झटपट होणारा. मात्र ही 'झटपट' मोठी फसवी आहे, बरं का! कशी, ते पुढे कळेलच.

नावातच नदी

नकाशाचं पुस्तक उघडा. भोपाळच्या जवळून जाणारं कर्कवृत्त सापडलं? आता त्याच रेषेवर बोट ठेवून पूर्वेकडे सरकत जा. बांगलादेश, म्यानमार ओलांडून चीनमध्ये शिरलात की समुद्राच्या अलीकडे ग्वांगझौ नावाचं शहर लागेल. युरोपचे व्यापारी या शहराला 'कँटन' म्हणत. म्हणून इथली भाषा आणि इथलं जेवण झालं 'कँटोनीज'. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई तरुणपणी व्यापारासाठी जहाजानं गेले होते, ते याच कँटनला.

या ग्वांगझौमध्ये आणि जवळच्या हाँगकाँगमध्ये घरोघरी माहीत असलेला पदार्थ म्हणजे 'गोन चाव न्गाऊ हो'. नाव ऐकून घाबरू नका, फोड करून पाहू. 'गोन' म्हणजे कोरडं. 'चाव' म्हणजे मोठ्या आचेवर परतलेलं. 'न्गाऊ' म्हणजे गाय-बैल, इथं त्यांचं मांस. आणि 'हो' म्हणजे चक्क नदी! आता नदी कढईत कशी आली? ग्वांगझौमध्ये शाहो नावाचा भाग आहे. शाहो म्हणजे 'वाळूची नदी'. तिथल्या तांदळाच्या चपट्या नूडल्स प्रसिद्ध झाल्या आणि त्यांना गावाचंच नाव पडलं, 'हो फन'.

या नूडल्स कशा करतात ते ऐकलंत तर तुमची आजी म्हणेल, "अगं बाई, ही तर आपली सालपापडी!" तांदूळ भिजवून वाटायचे, पातळ पीठ ताटलीत पसरायचं, वाफवायचं आणि अलगद सोलून काढायचं. फरक इतकाच, की आपण ती उन्हात वाळवतो आणि ते ओलीच ठेवून बोटभर रुंद पट्ट्या कापतात.

मांसाचं काय?

मूळ पदार्थात गाय-बैलाचं मांस असतं, हे आधीच सांगायला हवं. दुसऱ्यांचं जेवण समजून घ्यायचं तर ते आहे तसं समजून घ्यावं. गंमत म्हणजे जुन्या चीनमध्येही नांगराचा बैल मारायला बादशाही कायद्यानं बंदी असे. आपल्यासाठी राबणाऱ्या जनावराचं मांस कसं खायचं, म्हणून ते न खाणारी माणसं तिथं होती आणि आजही आहेत. तीच नूडल्स कोंबडी, कोळंबी किंवा सोयाबीनचं पनीर, म्हणजे टोफू घालूनही तिथं करतात.

आपल्या महाराष्ट्रात गाईच्या हत्येला पूर्वीपासून बंदी आहे आणि २०१५ पासून बैलांनाही तोच कायदा लागू झाला. म्हणून आपण कोंबडी घेऊ. शाकाहारी घरात पनीर किंवा अळंबी घ्या. युक्ती सगळ्यांना तीच.

कढईचा श्वास

चिनी 'वॉक' म्हणजे आपल्या कढईची बहीणच. पातळ लोखंडाची, खोल, तळाशी गोल. ती चांगली तापली की पदार्थाला एक खमंग, किंचित धुरकट वास येतो. कँटोनीज लोक त्याला 'वॉक हेइ' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास! ताट समोर आलं की तिथली जाणकार मंडळी आधी हा वास घेतात.

हा वास येतो कुठून? पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. पदार्थात पाणी सुटलं की ते उडून जाईपर्यंत तापमान त्याच्या फारसं वर जात नाही. पदार्थ नुसता शिजतो, भाजला जात नाही. पाणी उडालं आणि तापमान १४० अंशांच्या आसपास गेलं, की प्रथिनं आणि साखर यांचा मिलाफ होऊन तांबूस रंग आणि शेकडो नवे वास तयार होतात. फ्रान्सच्या लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये हे दाखवून दिलं. भाकरीवरचे तांबूस डाग, भाजलेले शेंगदाणे, पावाची खरपूस कड ही सगळी त्याच 'मायार अभिक्रिये'ची करामत.

हॉटेलातली शेगडी घरच्या गॅसपेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असते, दहापटसुद्धा. शिवाय आचारी कढई सतत उडवत असतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी परतलेला भात करणाऱ्या आचाऱ्यांचं चित्रीकरण करून अभ्यास केला. त्यांना दिसलं, की कढईचा एक हेलकावा साधारण एक तृतीयांश सेकंदात पुरा होतो. आता गणित करा: एका मिनिटात किती? जवळजवळ १८०! जड कढई अशी रोज तासन् तास हलवायची म्हणजे खांदे भरून येणारच.

मग आपण घरी काय करायचं? आपली आच वाढवता येत नाही, पण कढईतला पदार्थ कमी करता येतो. थोडा थोडा पदार्थ, कोरडा पदार्थ आणि आधीच पुरी तयारी, हेच आपले तीन गुरुमंत्र. शेगडी पेटल्यावर कांदा चिरायला, सॉसची बाटली शोधायला एक क्षणही मिळत नाही. पाच मिनिटांचा पदार्थ चांगला होणार की वाईट, हे त्याआधीच्या तासात ठरलेलं असतं.

साहित्य (तिघांसाठी)

- तांदळाच्या सुक्या चपट्या नूडल्स २०० ग्रॅम
- कोंबडीचं बिनहाडाचं मांस (छातीचं) किंवा पनीर २०० ग्रॅम
- मुगाचे लांब मोड २ मुठी
- पातीचे कांदे ५, आल्याचा छोटा तुकडा
- मांसाला लावायला: साधा सोया सॉस २ लहान चमचे, कॉर्नफ्लोअर १ लहान चमचा, चिमूटभर साखर, पाणी १ मोठा चमचा, तेल १ लहान चमचा
- वाटीत मिसळून ठेवायला: साधा सोया सॉस १ मोठा चमचा, गडद सोया सॉस १ मोठा चमचा, साखर अर्धा लहान चमचा
- तेल ४ मोठे चमचे

साधा सॉस खारटपणासाठी आणि गडद सॉस रंगासाठी असतो. सॉस मुळातच खारट, म्हणून वरून मीठ घालू नका. लांब मोड म्हणजे आपले मूगच, पण अंधारात वाढलेले. रात्रभर भिजलेले मूग चाळणीत ठेवा, वर ओलं फडकं आणि हलकं वजन ठेवा, अंधारात ठेवून दिवसातून तीन-चार वेळा पाणी घाला. चार-पाच दिवसांत बोटाएवढे मोड तयार!

नूडल्स मिळाल्या नाहीत तर आईच्या किंवा आजीच्या मदतीनं घरीच करा. एक वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, दीड वाटी पाणी, चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ एकत्र करून अर्धा तास ठेवा. तेल लावलेल्या ताटलीत पातळ थर ओतून तीन-चार मिनिटं वाफवा. गार झाला की सोला, तेलाचा हात लावा आणि पट्ट्या कापा. या मात्र त्याच दिवशी वापरा. शिळ्या भातासारख्या त्या कडक होतात आणि मोडतात.

तयारी

१. सुक्या नूडल्स कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. मग मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून निथळा, गार पाण्यानं धुवा आणि थोडं तेल चोळा. मधोमध किंचित कच्च्या राहिल्या तरी चालेल, उरलेल्या कढईत शिजतात.

२. मांस नीट पाहा. त्यात एका दिशेनं जाणारे धागे दिसतील. सुरी त्या धाग्यांना आडवी चालवून पातळ काप करा. धागे लांब राहिले तर घास चिवट लागतो, तुटले तर मऊ. मांस अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर काप पातळ निघतात. कापण्याचं काम मोठ्यांकडे द्या आणि नंतर पाट, सुरी, हात साबणानं धुवा.

३. कापांना मसाला लावून वीस मिनिटं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर आतला रस धरून ठेवतो. पनीर असेल तर नुसतं सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर चोळा.

४. मोड धुऊन अगदी कोरडे पुसा. पातीचे बोटाएवढे तुकडे करा. आता सगळ्या वाट्या शेगडीच्या उजव्या हाताला क्रमानं मांडा: मांस, आलं, नूडल्स, सॉस, मोड, पात. मांडणी झाली? मग मोठ्या माणसाला हाक मारा.

आता शेगडी!

इथून पुढे कढई मोठ्यांच्या हाती आणि वाट्या तुमच्या हाती. पदार्थ दोन भागांत करायचा आहे, म्हणून प्रत्येक वाटीतलं निम्मंच द्या.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर तापवा. हलका धूर दिसला की एक मोठा चमचा तेल फिरवून घाला. मांसाचे काप एका थरात पसरा आणि अर्धा मिनिट हातही लावू नका! खालची बाजू तांबूस झाली की उलटा. कोंबडी आतून पूर्ण पांढरी झाली, गुलाबी रंग कुठंही उरला नाही, की स्वच्छ ताटलीत काढा.

कढईत परत थोडं तेल, त्यात आलं आणि लगेच नूडल्स. पुन्हा अर्धा मिनिट थांबा. मग रुंद उलथनं तळाशी सरकवून नूडल्स खालून उचला आणि उलटा. चमच्यानं ढवळलंत तर त्यांचा भुगा होईल. सॉस मधोमध ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. तिथं तो चर्रर्र करून भाजतो आणि घरभर वास सुटतो. मग मोड आणि मांस घाला, अर्धा-पाऊण मिनिट परता, शेवटी पात घालून उतरवा. आता दुसरा भाग!

तीन परीक्षा

कँटोनीज लोक आचाऱ्याची परीक्षा याच पदार्थावरून घेतात. नूडल्स अखंड आहेत का? रंग सगळीकडे सारखा बसलाय का? खाऊन झाल्यावर ताटलीत तेलाचं तळं तर उरलं नाही? 'कोरडं' हे नाव उगीच नाही पडलेलं!

जाता जाता एक गंमत. कँटोनीजमध्ये एखाद्याची नोकरी गेली की म्हणतात, त्याचा 'परतलेला माकूल' झाला! तापलेल्या कढईत माकूल मासळीचे तुकडे वळकटीसारखे गुंडाळले जातात आणि काम सुटलेला माणूसही आपली वळकटी बांधून निघतो. आठवलं का काही? आपण म्हणतो, 'त्यानं गाशा गुंडाळला'. हजारो मैल दूरची माणसं, पण गुंडाळतात तेच!

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलांना स्वयंपाकघरातून पिटाळू नका. भिजवणं, पुसणं, मोजणं, मांडणं ही कामं आठ-नऊ वर्षांचं मूल उत्तम करतं. धुरावलेलं तेल मात्र तुमच्याच हाती असू द्या. नॉनस्टिक भांडं रिकामं तापवू नका, त्याचा लेप खराब होतो. तेलानं पेट घेतलाच तर पाणी कधीच टाकू नका. गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवा. ते झाकण आधीपासून हाताशी ठेवणं हाही तयारीचाच भाग आहे.

मग मुलांनो, येत्या रविवारी बेत कराल ना? मूग मात्र आज रात्रीच भिजत घाला. आणि तुमच्या नूडल्स तीनपैकी किती परीक्षांत पास झाल्या, ते आम्हाला जरूर कळवा!