आमच्या फियाटचा जीर्णोद्धार

जुना वाडा, जुने देऊळ आणि जुनी मोटार यांना हात घालणाऱ्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात; पैसे देणारा एकही भेटत नाही. काकांची १९६८ सालची ‘फियाट अकराशे डिलाइट’ मी दुरुस्तीला काढणार ही वार्ता आमच्या सोसायटीत पसरली, तेव्हा मला याचा अनुभव आला. माझ्यापाशी तीन लाख रुपये होते. त्यापुढे एक पैही मिळायची नाही, असे सौभाग्यवतींनी बजावले होते, आणि हिशेबाच्या बाबतीत आमच्या घरी त्यांचाच शब्द अखेरचा असतो.

तरुण वाचकांसाठी थोडी ओळख करून देतो. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून निघू लागली. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन, चारी चाकांना ड्रम ब्रेक, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. तीच पुढे १९७४ साली ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. टॅक्सीवाल्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत बरे का! त्यांच्यामुळे या गाडीचे बरेचसे सुटे भाग अजून भंगारवाल्याकडे सापडतात.

पण आमची गाडी मूळ रूपात राहिली होती कुठे? काका हौशी. १९८९ साली त्यांनी तिचा कायापालटच केला. रुंद चाके, जांभळा चकाकता रंग, पुढच्या सलग बाकाच्या जागी दोन वेगळ्या खुर्च्या, गिअरचा दांडा जमिनीवर, आणि सर्वांवर कळस म्हणजे छताला पाडलेली खिडकी! दिवाळीच्या फराळात चकलीला साखरेचा पाक लावावा, तसा हा प्रकार होता.

नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी चाके आणि रंग यांविषयी बोलत होतो. ते म्हणाले, “साहेब, काय लावलंय ते नका बघू. काय कापलंय ते बघा.”

या एका वाक्याने माझे निम्मे पैसे वाचले. ट्रकसारखी वेगळी चासी या गाडीला नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. नटबोल्टाने लावलेली वस्तू केव्हाही काढता येते, ती थांबू शकते. कापलेला पत्रा थांबत नाही. मिस्त्रींनी एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. जिथे तो चिकटेना, तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी भरलेली! छताच्या खिडकीतून पस्तीस पावसाळ्यांचे पाणी आत झिरपले होते, गालिच्याखाली साचले होते, आणि पायाखालचा पत्रा व दरवाजांखालच्या पट्ट्या यांची चाळण झाली होती. बाहेरून जांभळा रंग मात्र झकास!

मधल्या काळात एका हितचिंतकाने ‘व्हिंटेज’चे गाजर दाखवले. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. ऐकायला छान. पण सांगाडा आणि इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. शिवाय ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला बंदी. म्हणजे काकूंना घेऊन मंडईत जायचे नाही. मग गाडी हवी कशाला? आम्ही साध्या नोंदणीवरच राहायचे ठरवले.

खरा पेच पडला तो गिअरच्या दांड्याचा. काकांचा डावा खांदा आखडला, हात वर उचलेना, म्हणून त्यांनी तो जमिनीवर आणला होता. गिअरबॉक्स मूळचीच होती. भंगारातल्या टॅक्सीचा स्टिअरिंगखालचा दांडा सगळ्या जोडणीसकट बारा हजारांना मिळत होता. तरी माझा हात धजेना. काकांची ती आठवण आहे, राहू दे, असे मी काकूंना म्हणालो.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. “आठवण? अरे, एकोणसत्तर साली मी याच गाडीवर शिकले. वीस वर्षं चालवली. यांनी तो दांडा खाली आणला, बाक काढला, आणि माझी सवय मोडली ती मोडलीच. तिघं पुढे बसायचो आपण, विसरलास? आता चालव तू. पण मला तो बाक हवा.”

आमच्या घराण्यात काकू गाडी चालवीत असत हे मला ठाऊक होते. त्या का थांबल्या, हे कोणीच कधी विचारले नव्हते.

मग हिशेब मांडला. छत बंद करणे आणि तळाचा पत्रा नव्वद हजार. ब्रेक पंचवीस. वायरिंग वीस. सस्पेन्शनची बुशे आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर पंचवीस. इंजिन, रेडिएटर, कार्ब्युरेटर चाळीस. त्यात पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, कारण हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुने रबर टिकत नाही. दांडा आणि जुना बाक मिळून वीस. उरलेल्या ऐंशी हजारांत रंग, आणि तोही अगदी शेवटी. पत्रा उघडल्यावर खर्च वाढला तर रंगावाचून गाडी चालते, ब्रेकवाचून चालत नाही. मूळची टोप्या-टोप्यांची चाके जुन्या बाजारात एका रविवारी अडीच हजारांत गवसली. ते पैसे सौभाग्यवतींनी स्वखुशीने दिले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

काकांचा एक बदल मात्र आम्ही हट्टाने ठेवला आहे. बॅटरी तोडण्याचा खटका. जुन्या वायरिंगला आग लागण्याची धास्ती असते, आणि कारखान्याने दिला नव्हता तो शहाणपणा काकांनी दिला. बाकाला सीटबेल्टही नवे बसणार आहेत.

सध्या गाडी तांबड्या प्रायमरमध्ये उभी आहे. छत बंद झाले, तळ झाला. नोंदणीच्या पुस्तकात रंग करडा लिहिलेला असल्यामुळे तो वाद मिटला. पण बाकाचे रेक्झिन लाल घ्यायचे की तपकिरी, यावरून काकू आणि सौभाग्यवती यांचे अजून जमलेले नाही.