जुन्या लाकडातील खिळे

जुन्या घराचे सागवान किंवा मोडक्या गाडीची बाभूळ पुष्कळदा केवळ खिळ्यांमुळे सरपणात जाते. गंज चढला म्हणजे खिळा फुगतो व लाकडात घट्ट रुततो. तो एकदम ओढल्यास माथा तुटतो. म्हणून प्रथम माथ्यावर हातोडीचा बेताचा ठोका देऊन खिळा किंचित आत सरकवावा. त्यामुळे गंजाची पकड सुटते. टोक मागील बाजूस निघाले असल्यास ते सरळ करून तिकडून ठोकावे. नंतर हातोडीच्या दुभागलेल्या टोकात खिळा धरावा आणि हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून तो उपटावा. यामुळे जोर अधिक लागतो व लाकूड दबत नाही. माथा तुटलाच, तर भोवतालचे लाकूड अरुंद पटाशीने थोडे कोरावे आणि खिळा पकडीत धरून डावीउजवीकडे फिरवीत काढावा.

काढलेला प्रत्येक खिळा मोजून डब्यात टाकावा. गाईबैल चारा नीट न चावताच गिळतात. चाऱ्याबरोबर गेलेला खिळा त्यांच्या जाळीदार पोटात अडकतो. पुढे तो हृदयापर्यंत रुतल्यास जनावर दगावते. याकरिता हे काम गोठ्यापासून व वैरणीपासून दूर करावे, असे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस आवर्जून सांगावे.