तात्यांचा कटर आणि वीस टक्के इथेनॉल

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलवरचा वाद अजून मोटारींभोवतीच घुटमळतोय. मायलेज किती घटलं, जुन्या गाडीचे रबरी भाग टिकतील का, नुकसान झालं तर भरून कोण देणार. सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी याविरुद्धची याचिका फेटाळली, तेव्हाही बोलणं चाललं होतं ते गाड्यांचंच. पण सातारा-सांगलीच्या पाटण, जावळी, शिराळ्यात आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतमध्ये आणखी एक इंजिन आहे. त्याची बाजू कुणी मांडलेली नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेलं लाकूड कापायचं मशीन, म्हणजे गावाच्या बोलीत कटर.

हा कटर आज बहुतेक घरांत साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातात आहे. पाटण-जावळीची पोरं मुंबईत माथाडीत नाहीतर पुण्यात कंपनीत, विटा-खानापूरची सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेली. मागं राहिले तात्या, अण्णा, आबा. कुणी फौजेतून निवृत्त, कुणी एसटीतून, कुणी आयुष्यभर शेतातच. स्वयंपाक गॅसवर आला, पण आंघोळीचं पाणी अजून बंबावर किंवा अंगणातल्या चुलीवरच तापतं. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात चार महिने कोरडं जळण लागतं. ते वळवाच्या आधी फोडून, रचून ठेवावं लागतं. खांदा कुऱ्हाड उचलू देईना झाला की तालुक्याच्या बाजारातून कटर येतो.

आणि इथंच बहुतेकदा चुकीचं मशीन घरी येतं. दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो ५८ सीसीचा, बावीस इंची बारचा, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचा. किंमत कमी, ताकद जास्त, रंग झगझगीत. घेणाऱ्याला वाटतं, मोठं घेतलेलं बरं. हे मशीन बार, चेन, पेट्रोल आणि तेल भरून साडेसहा-सात किलोंच्या घरात जातं. ते वाकून, हात पुढं करून, अर्धा तास धरायचं आहे, तेही पासष्टाव्या वर्षी. जळणाचं लाकूड बहुधा मांडीएवढं जाड असतं. त्याला बारा-चौदा इंची बार पुरतो. तीस-पस्तीस सीसीचं, चार किलोंच्या आसपासचं मशीन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उरलेले पैसे हेल्मेट, कानाची आणि डोळ्यांची झाकणं, जाड बूट आणि दोन जादा चेन यांवर घालावेत. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून अंगावर येतं, आणि थकलेल्या मनगटाला ते आवरत नाही. म्हणून पुढच्या दांड्यापाशी चेन ब्रेक आहे का आणि तो खरंच लागतो का, हे दुकानातच बघून घ्यावं. मधुमेह असेल, थंडीत बोटं पांढरी पडत असतील, तर कंपन सोसणाऱ्या रबरी किंवा स्प्रिंगच्या बैठकी नसलेलं मशीन घेऊच नये. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यानं आधी डॉक्टरांना विचारावं.

ज्यांना फक्त घरामागं आणून टाकलेल्या फाट्यांचे तुकडे करायचे आहेत, त्यांनी विजेचा कटर घ्यावा. दोन हजार वॉटच्या आसपासचा, जाड वायरचा, गळती झाली की वीज तोडणाऱ्या ईएलसीबीच्या पॉइंटवर चालणारा. बटण सोडलं की चेन थांबते, दोरी ओढायची नाही, कार्ब्युरेटर नाही. गावात व्होल्टेज पडतं ही अडचण खरी. मोटर गुरगुरून तापायला लागली तर काम थांबवावं, जोर लावू नये. पण बांधावर वीज नाही, आणि जळण तर बांधावरच आहे. त्यामुळे पेट्रोलचा विषय टळत नाही.

पण पेट्रोलआधी चेन बघू. मशीन छोटं असूनही झपाट्यानं कापतं ते चेनच्या दातामुळे. ऑरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याची गोष्ट इथं सांगायलाच हवी. त्या काळच्या चेनचे दात करवतीसारखे खरवडायचे, सारखे बोथट व्हायचे. १९४६ मध्ये एका ओंडक्यात त्याला भुंग्याची अळी दिसली. ती उभ्या-आडव्या, कुठल्याही रेषांतून सारख्याच सहजतेनं वाट काढत होती. तिचे इंग्रजी सी अक्षरासारखे दोन जबडे आलटून पालटून डावीकडं-उजवीकडं चालत होते. त्यानं तेच पोलादात उतरवलं, आणि १९४७ मध्ये त्याची चिपर चेन बाजारात आली. आज जतच्या वेड्या बाभळीत फिरणारी चेन तिच्याच वंशातली आहे. डावा दात, उजवा दात, आणि प्रत्येकापुढं खोली ठरवणारा एक छोटा उंचवटा.

म्हणूनच धार लावायची ती दोन्ही बाजूंना सारखी. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, छोट्या मशीनच्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची. तीस अंशांचा कोन, आतून बाहेर, प्रत्येक दाताला दोन किंवा तीन हात, मोजून सारखे. एका बाजूचे दात आखूड झाले की काप तिरका जातो, आणि माणूस मशीन दाबायला लागतो. पुढचा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. लाकडातून लांब ढलप्या पडल्या तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर कानस काढायची वेळ झाली. तासगाव-मिरजेकडं काढून टाकलेल्या द्राक्षबागांची खोडं जळणाला येतात. त्यांत तारेचे तुकडे रुतलेले असतात. बांधावरच्या झाडांत कुंपणाचे खिळे असतात. काप घेण्याआधी हात फिरवून बघणं एवढाच त्यावर इलाज. आणि बारच्या तेलाच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतायची सवय सोडावी. त्यात धातूचे कण असतात, ते बार आणि पंप दोन्ही खातात.

आता इथेनॉल. रेठऱ्याचा कृष्णा असो की साखराळ्याचा राजारामबापू, या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून ते निघतं आणि तेल कंपन्यांमार्फत पंपावर येतं. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, आणि २०३० साठी ठेवलेलं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्येच गाठलं. ऊस उत्पादकाला त्यातून पैसा मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे, आणि ती थांबवा असं मी म्हणत नाही. पण रसायन आपलं काम करणारच. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या मापावर लावलेल्या कार्ब्युरेटरमधून इंजिनाला गरजेपेक्षा कमी इंधन जातं. नव्या मोटारीत सेन्सर असतो, तो हिशेब जुळवतो. कटरमध्ये असतात फक्त हातानं फिरवायचे स्क्रू. त्यातून हे टू-स्ट्रोक, वंगण पेट्रोलमधूनच पिणारं. इंधन कमी म्हणजे तेलही कमी, उष्णता जास्त, आणि पिस्टनवर चरे. मिश्रणात तेल वाढवलं की निभावतं, हा समज अर्धाच खरा. तेलानं पेट्रोलची जागा घेतली की इंजिनाला जाळायला पेट्रोल आणखी कमी मिळतं. कंपनीनं सांगितलेलं प्रमाण पाळावं: चांगल्या टू-स्ट्रोक तेलाला लिटरमागं २० मिली, साध्याला ४० मिली.

ट्यूनिंग दिसतं तेवढं अवघड नाही. आधी एअर फिल्टर साफ, चेन धारदार, इंजिन गरम. कार्ब्युरेटरवर एल खूण असलेल्या स्क्रूनं मंद गती आणि थ्रॉटल दाबल्यावरची उसळी जुळवायची. टी किंवा एलए स्क्रूनं मंद गती इतकी ठेवायची की चेन हलणारच नाही. ती हलत असेल तर मशीन जमिनीवर ठेवणंही धोक्याचं. मग एच स्क्रू. पूर्ण थ्रॉटलला, क्षणभरच, आवाज ऐकायचा. बारीक, चिरका, ताणलेला सूर निघाला तर इंधन कमी पडतंय. स्क्रू घड्याळाच्या उलट थोडासाच फिरवायचा, जोवर आवाजात किंचित फडफड येत नाही. लाकडात घातल्यावर ती फडफड नाहीशी झाली की माप बरोबर. ई-२० वर बहुधा ते जुन्या खुणेपेक्षा थोडं अधिक उघडं बसतं. काही छोट्या मशीनना एच स्क्रूच नसतो, जेट कायमचा बसवलेला असतो. खरेदी करताना हे विचारलं पाहिजे.

स्टिल कंपनीच्या काही मॉडेलांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की हातानं जुळवायच्या कार्ब्युरेटरच्या मशीनला दहा टक्क्यांहून जास्त इथेनॉल नको. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या महागड्या मॉडेलांना सत्तावीस टक्क्यांपर्यंत चालतं. पण जळण तोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात महागडं मॉडेल नाही, आणि त्याच्या पंपावर दहा टक्क्यांचं पेट्रोल नाही. स्क्रूनं माप जुळतं, पण कार्ब्युरेटरमधले रबरी पडदे, नळ्या आणि गंज यांचं काय? इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाटणच्या दमट पावसात चार महिने टाकीत राहिलेलं मिश्रण पुढच्या हंगामात कार्ब्युरेटर चोंदवतं, पडदा ताठरतो. म्हणून पंधरा दिवसांत संपेल एवढंच मिसळावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं.

एक गोष्ट कायद्याची. बांधावरचं झाड आपलं असलं, तरी आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, हिरडा, अंजन ही आणि अशी काही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. त्यांना परवानगी लागते. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी त्या अनुसूचीत नाहीत. शहर हद्दीतला नियम वेगळा.

कटर हा एकटा नाही. द्राक्षबागेतला पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापायचं मशीन, छोटा वीडर, सगळी अशीच छोटी इंजिनं आहेत. या भागात ती घरोघरी आहेत, आणि बहुतेक ऊस उत्पादक सभासदांचीच आहेत. काही कारखान्यांचे स्वतःचे पेट्रोल पंपही आहेत. मशीन विकणाऱ्यानं इथेनॉलची मर्यादा मराठीत, मशीनवरच चिकटवून द्यावी. आणि तेल कंपन्यांनी तालुक्याला निदान एका पंपावर छोट्या इंजिनांसाठी इथेनॉल नसलेलं पेट्रोल द्यावं. कारखान्यांच्या वार्षिक सभेत ऊसदरावर तास न् तास बोललं जातं. यंदा तिथं तात्यांपैकी कुणीतरी उभं राहून हाही प्रश्न विचारावा: आमच्या उसातून निघालेलं इथेनॉल आमच्याच मशीनला चालत नाही, तर त्यासाठी कारखाना तेल कंपनीकडं काय मागणार आहे?