हवाई मार्गांचे नकाशे आणि हौशी संगणककार

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एक लहानसे एक-इंजिनी विमान उडविले. वाटेत अहमदाबाद येथे थांबून ते मुंबईस पोहोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या हवाई मार्गाचा नकाशा काढावयाचा तर पाच ठिपके आणि चार रेषा पुरेशा होत्या. शाळेतील कोणाही मुलास तो पाटीवर काढता आला असता.

यानंतर ब्याऐंशी वर्षांनी, जून २०१४ मध्ये, साऱ्या जगाच्या हवाई मार्गांचे जे एक कोष्टक सर्वांसाठी खुले होते, त्यात ६७,६६३ मार्ग, ३,३२१ विमानतळ आणि ५४८ विमानकंपन्या यांची नोंद होती. एवढ्या रेषा एका कागदावर काढल्या तर युरोप आणि अमेरिका या खंडांच्या जागी शाईचा डागच दिसेल. अशा नकाशाचा उपयोग व्हावयाचा तर त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. या गावाहून थेट कोठे जाता येते? त्या गावी पोहोचण्यास किती वेळा विमान बदलावे लागेल? हे प्रश्न विचारण्याची सोय प्रथम सर्वसामान्यांच्या हाती देण्यात मोठा वाटा हौशी लोकांचा होता. विमानांची आवड आणि संगणकाचे ज्ञान ही दोन साधने त्यांच्यापाशी होती. त्यांनी काय केले, कोणत्या शास्त्राच्या आधारे केले आणि त्यांच्या कामाची मर्यादा कोठे आली, हे समजून घेण्यासारखे आहे.

वाकडी दिसणारी सरळ वाट

विमानात आसनापुढील खिशात ठेवलेल्या मासिकात त्या कंपनीच्या मार्गांचा नकाशा पुष्कळदा असतो. त्यावर मुंबईहून न्यूयॉर्ककडे जाणारी रेषा उत्तरेकडे कमानीसारखी वाकलेली दिसते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेषा निघते, ती सोडून विमान एवढा वळसा का घेते, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो.

याचे उत्तर पृथ्वीच्या गोल आकारात आहे. गोलाच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट बृहद्‌वृत्तावरून जाते. ज्या वृत्ताचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो, ते बृहद्‌वृत्त होय. विषुववृत्त हे असेच एक वृत्त आहे. याची खात्री करून घेण्यास पृथ्वीचा गोल आणि एक दोरा एवढे साहित्य पुरते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यावर दोऱ्याची टोके धरून तो ताणला, म्हणजे तो आपोआप उत्तरेकडे सरकतो.

हे अंतर गणिताने काढणेही अवघड नाही. प्रथम दोन्ही अक्षांशांच्या ज्यांचा गुणाकार करावा. मग त्याच अक्षांशांच्या कोज्यांचा गुणाकार करून त्यास रेखांशांतील फरकाच्या कोज्येने गुणावे. या दोन संख्यांची बेरीज म्हणजे दोन गावांमुळे पृथ्वीच्या मध्याशी होणाऱ्या कोनाची कोज्या होय. मुंबईचा विमानतळ सुमारे १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ सुमारे ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम येथे आहे. पहिली संख्या ०.२१३ येते, दुसरी उणे ०.५९९ येते, आणि त्यांची बेरीज उणे ०.३८६ होते. यावरून कोन ११२.७ अंशांचा ठरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०३० किलोमीटर धरला, तर अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर भरते.

आता मर्केटरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा पाहू. ती अरबस्तान, ईजिप्त आणि अल्जीरिया यांवरून जाऊन अटलांटिक ओलांडते. तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर होते. म्हणजे सरळ दिसणारी वाट सुमारे १,६७० किलोमीटरांनी लांबची आहे. खरी जवळची वाट अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया आणि स्वीडन यांवरून आइसलंडकडे जाते, आणि पुढे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून उत्तर अमेरिकेत उतरते. तिच्यावरील सर्वांत उत्तरेचे ठिकाण जवळजवळ ६५ अंश अक्षांशावर आहे.

प्रत्यक्षात विमान या रेषेवरूनच जाते असे मात्र नाही. वाऱ्याचा वेग, वादळे आणि देशोदेशींची धोरणे यांमुळे वाट बदलते. २०२२ साली रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांस तेच केले. अशा वेळी गणिताने काढलेली रेषा तीच राहते, परंतु विमानास वळसा घ्यावा लागतो. म्हणून नकाशावरील रेषा ही विमानाची पायवाट समजू नये. दोन विमानतळ एकमेकांशी जोडलेले आहेत, एवढेच ती सांगते.

हौसेतून उभी राहिलेली साधने

वर दिलेले गणित एका जोडीसाठी करण्यास काही मिनिटे लागतात. हजारो जोड्यांसाठी ते संगणकाकडेच सोपविले पाहिजे. १९९० च्या दशकात ‘ग्रेट सर्कल मॅपर’ नावाचे एक साधन इंटरनेटवर उपलब्ध झाले. त्यात दोन विमानतळांची सांकेतिक अक्षरे लिहिली, की त्यांमधील बृहद्‌वृत्ताचा मार्ग नकाशावर उमटतो आणि अंतरही मिळते. ही अक्षरे तीन असतात. मुंबईची ‘बीओएम’ आणि चेन्नईची ‘एमएए’ ही अक्षरे त्या शहरांची जुनी इंग्रजी नावे सुचवितात. शहरांची नावे बदलली, परंतु अक्षरे बदलली नाहीत.

‘एअरलाइन रूट मॅपर’ हे याच जातीचे, परंतु वेगळ्या कामाचे साधन होते. घरच्या संगणकावर चालणाऱ्या या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये एखादा विमानतळ निवडला, की तेथून निघणारे मार्ग डोळ्यांपुढे येत. कोणती कंपनी कोठे जाते, हेही त्यातून कळे. २००७ साली कॅनडातील संगणकतज्ज्ञ आणि हौशी वैमानिक डेव्हिड मेगिन्सन यांनी ‘अवरएअरपोर्ट्स’ हा उपक्रम सुरू केला. जगातील लहानमोठ्या विमानतळांची माहिती त्यात स्वयंसेवक भरतात, आणि ती कोणासही मुक्तपणे वापरता येते. ‘ओपनफ्लाइट्स’ या उपक्रमात प्रवासी आपण केलेल्या उड्डाणांची नोंद करून त्यांचा नकाशा पाहतात. या उपक्रमाने विमानतळ, कंपन्या आणि मार्ग यांची कोष्टकेही सर्वांसाठी खुली केली. आरंभी सांगितलेले ६७,६६३ मार्गांचे कोष्टक ते हेच. त्यातील मार्गांची माहिती ‘एअरलाइन रूट मॅपर’कडून आलेली होती.

विमानांच्या वेळापत्रकांची परिपूर्ण माहिती बाळगणाऱ्या व्यापारी संस्था फार पूर्वीपासून आहेत. त्यांपैकी एकीची मार्गदर्शिका अमेरिकेत १९२९ पासून निघू लागली. परंतु अशी माहिती विकत घ्यावी लागते, आणि ते मोल शाळा किंवा विद्यार्थी यांस परवडण्यासारखे नसते. त्यामुळे खुल्या कोष्टकाचे महत्त्व त्याच्या आकाराहून मोठे ठरले. जगभरच्या विद्यार्थ्यांना खऱ्या माहितीवर गणित करण्याची संधी त्यातून मिळाली.

कोष्टक वाचावे कसे

या कोष्टकाची रचना साधी आहे. प्रत्येक ओळीत एक कंपनी, एक आरंभीचा विमानतळ आणि एक अखेरचा विमानतळ असतो. वाटेतील थांबे आणि विमानाचा प्रकार यांसाठी वेगळे रकाने आहेत. जाण्याचा मार्ग एका ओळीत आणि परतीचा दुसऱ्या ओळीत असतो. एकाच मार्गावर तीन कंपन्या असल्या तर तीन ओळी होतात. एका कंपनीच्या विमानात दुसरी कंपनी आपल्या नावाने तिकिटे विकत असेल, तर त्या ओळीवर तशी खूण असते. म्हणून ६७,६६३ ओळी म्हणजे तितक्या निरनिराळ्या गावांच्या जोड्या नव्हेत.

कोष्टकात जे नाही, तेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्यात विमान सुटण्याची वेळ नाही, आठवड्यातील फेऱ्यांची संख्या नाही, प्रवाशांची संख्याही नाही. दिवसाला दहा विमाने जाणारा मार्ग आणि आठवड्यातून एकदा विमान जाणारा मार्ग यांची ओळ सारखीच दिसते.

कमीत कमी टप्पे

ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा विचार करणारी गणिताची एक शाखा आहे. तिचा आरंभ १७३६ साली ऑयलर यांनी केला. कोनिग्झबर्ग शहरातील सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फेरी पूर्ण करता येईल काय, या प्रश्नाचा त्यांनी विचार केला आणि ते अशक्य असल्याचे सिद्ध केले. पुलांची लांबी किंवा नदीचे वळण यांकडे पाहण्याचे कारण नव्हते. कोणता भूभाग कोणाशी जोडलेला आहे, एवढेच पुरेसे होते.

विमानमार्गांचे सॉफ्टवेअर याच दृष्टीने जगाकडे पाहते. एका गावाहून दुसऱ्या गावी कमीत कमी टप्प्यांत कसे जावे, हे शोधण्याची रीत तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांसारखी आहे. आरंभीच्या विमानतळाहून थेट जाता येणाऱ्या सर्व ठिकाणांवर ‘एक’ हा आकडा लिहावयाचा. तेथून थेट जाता येणाऱ्या, परंतु अद्याप आकडा न मिळालेल्या ठिकाणांवर ‘दोन’ लिहावयाचा. इष्ट गावावर आकडा पडेपर्यंत हा क्रम चालू ठेवावयाचा. टप्प्यांऐवजी किलोमीटर कमीत कमी हवे असतील, तर डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली रीत वापरतात. तीत आतापर्यंत सर्वांत जवळचे ठरलेले ठिकाण प्रत्येक वेळी प्रथम हाती घेतले जाते. दोन्ही रीतींची उत्तरे पुष्कळदा भिन्न येतात, कारण कमी टप्प्यांची वाट लांबची असू शकते.

अशा अभ्यासातून अनपेक्षित गोष्टीही उजेडात आल्या. २००५ साली अमेरिकेतील नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात जगाच्या हवाई जाळ्यावरील एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्या शहरास सर्वांत अधिक मार्ग, तेच जाळ्यात सर्वांत मोक्याचे, ही समजूत नेहमी खरी नसते, असे त्यात दिसून आले. अलास्कातील अँकरेज हे याचे ठळक उदाहरण होय. तेथून निघणारे मार्ग मोठ्या शहरांच्या मानाने थोडे आहेत. परंतु अलास्कातील कितीतरी लहान वस्त्यांचा बाहेरील जगाशी संबंध त्याच एका ठिकाणाद्वारे येतो. ते बंद पडले तर त्या वस्त्या एकाकी पडतील. २०१३ साली ब्रॉकमन आणि हेलबिंग यांनी साथीच्या रोगांविषयी दाखविलेली गोष्ट याहून गंभीर आहे. रोग दूरवर केव्हा पोहोचेल हे किलोमीटरांवरून नीट कळत नाही. विमानाने होणाऱ्या येण्याजाण्यावरून मोजलेल्या अंतरावरून ते अधिक चांगले कळते. अशा कामास प्रवाशांची संख्या ठाऊक असावी लागते. वरील खुल्या कोष्टकाची मर्यादा येथे उघड होते.

थांबलेले घड्याळ

जून २०१४ नंतर या कोष्टकास नवी माहिती मिळणे बंद झाले. माहिती पुरविणारा स्रोत थांबला, आणि हे कोष्टक केवळ ऐतिहासिक महत्त्वाचे उरले, असे ‘ओपनफ्लाइट्स’ने स्वतःच नमूद केले.

आकाशातील मार्ग मात्र थांबले नाहीत. त्या कोष्टकात जेट एअरवेजचे मार्ग आहेत, परंतु १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीची उड्डाणे थांबली. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी आणि सिंधुदुर्गचा ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. गोव्यातील मोपा येथून जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. यांपैकी एकाही ठिकाणाचा मार्ग त्यात सापडणार नाही. २५ मार्च २०२० पासून दोन महिने भारतातील देशांतर्गत प्रवासी विमानसेवा महामारीमुळे बंद होती. कोष्टकातील रेषा तेव्हाही जशाच्या तशा होत्या.

यावरून हौशी मंडळींचे श्रम वाया गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१४ सालचे जग कसे जोडलेले होते, हे जाणण्यास ते कोष्टक आजही उपयोगी आहे, आणि अंतर काढण्याचे व वाट शोधण्याचे गणित तर जुने होतच नाही. परंतु तेच कोष्टक आजचे समजून कोणी निष्कर्ष काढले, तर बिनचूक गणितातूनही चुकीचे उत्तर निघेल. संगणकास माहितीचे वय कळत नाही. ते पाहण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे.

शाळेच्या विज्ञान मंडळास या विषयाचा आरंभ अगदी लहान प्रमाणावर करता येईल. आपल्या राज्यातील विमानतळांची यादी करावी. प्रत्येक ठिकाणाहून थेट कोठे जाता येते ते प्रसिद्ध वेळापत्रकांतून लिहून घ्यावे. मग ठिपके व रेषा काढून तरंगांच्या रीतीने टप्पे मोजावेत. कोणता एक विमानतळ बंद झाल्यास किती गावे तुटतील, तेही पाहावे. दर वर्षी त्याच महिन्यात हे काम पुन्हा केले, म्हणजे काही वर्षांत मार्गांचा एक लहानसा इतिहासच हाती येईल. मात्र प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तो ज्या दिवशी तयार केला, ती तारीख न चुकता लिहावी.