शिरोरेषा तोडणारी कविता

देवणीत विंडोज संगणकावर मराठी टाइप करणाऱ्यांना ‘मंगल’ फॉन्ट ठाऊक असतोच. तो घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) नामवंत सुलेखनकार. पण ते कवीही होते, आणि कविता डोळ्यांनीही वाचायची असते असं मानणारे कवी होते.

या प्रकाराला काँक्रीट कविता म्हणतात. समजा, ‘दुष्काळ’ हा एकच शब्द छापला. दुसऱ्या ओळीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं, शिरोरेषा तोडली. तिसऱ्या ओळीत आणखी. पाचव्या ओळीपर्यंत पान उन्हाळ्यातल्या रानासारखं भेगाळतं. विशेषण एकही नाही, तरी मराठवाड्यातल्या वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही. हे बळ देवनागरीचं आहे. रोमन अक्षरांना तोडायला शिरोरेषाच नसते.

१९५०च्या दशकात स्वित्झर्लंड आणि ब्राझीलमध्ये ही चळवळ उभी राहिली. स्कॉटलंडने ती मनापासून आपलीशी केली. ग्लासगोच्या एडविन मॉर्गनने अशा कविता लिहिल्या. २००४ साली तोच देशाचा पहिला राष्ट्रकवी झाला. इयन हॅमिल्टन फिनलेने तर १९६६पासून ‘लिटल स्पार्टा’ या आपल्या बागेत दगडांवर शब्द कोरून घेतले. एडिनबरामध्ये १९८४पासून केवळ कवितेला वाहिलेलं ग्रंथालय आहे.

आपल्याकडेही भारवी आणि माघ या संस्कृत कवींच्या महाकाव्यांत चित्रबंध, म्हणजे अक्षरांतून आकृती साधणारे श्लोक, आहेत. साठच्या दशकातल्या मराठी लघुनियतकालिकांनी छपाईशी धीट खेळ केले. ते अंक मूळ रूपातच पाहायला हवेत, कारण पुन्हा टाइप करताना अक्षरांची जागा हलली की कविताच बदलते. उदगीर-देवणीकडच्या वाचनालयांनी त्यांच्या प्रतिकृतींसाठी एक कप्पा जरूर राखावा.