चष्म्याआडचा चेहरा

ढाणकीला आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. प्लॅस्टरचा, निळ्या कोटाचा. लहानपणापासून त्याला हार घालत आलो. पण तो बाबासाहेबांसारखा दिसतो की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मी संगणकावर माणसाचे डोके घडवायला शिकू लागलो. पहिले काम म्हणून अर्थातच बाबासाहेब घेतले. तीन आठवडे खपलो आणि चष्मा न घालताच ते डोके आईला दाखवले. आई पडद्याकडे पाहत राहिली. "कोन व्हय हा? मास्तर दिसते कोनी." मी चष्मा चढवला. आईने लगेच हात जोडले. "हे त बाबासाहेब!"

म्हणजे तीन आठवड्यांत मी चेहरा घडवलाच नव्हता. चष्मा टेकवायला एक डोके तेवढे तयार केले होते.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने १९५० साली बाबासाहेबांचा पुतळा बसला तेव्हा ते स्वतः हयात होते. त्यांना समोरासमोर पाहिलेली माणसे भोवती होती. संसद भवनाच्या आवारात १९६७ साली उभा राहिलेला, ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळाही जाणत्या हाताचा. पुढे गावोगाव पुतळे झाले ते साच्यावरून साचा काढत. त्यात चेहरा झिजत गेला. चष्मा, कोट, पुस्तक तेवढे टिकले. यात मी कारागिरांना दोष देत नाही. वर्गणीतून आणलेला पुतळा वस्तीत उभा करणे हीच तेव्हा एक लढाई होती. पण आता पाहायला शिकले पाहिजे, असे मला वाटते.

साधने फार लागत नाहीत. ब्लेंडर नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. २००२ साली लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून तो सर्वांसाठी खुला करून घेतला. वर्गणी म्हणजे काय हे जयंती करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. संगणक मात्र फुकट नाही. माझा जुना आहे, आणि वीज गेली की तासाभराचे काम जाते. पडद्यावर एक गोळा येतो. तो ओढायचा, त्यावर माती चढवल्यासारखे थर द्यायचे, घासून गुळगुळीत करायचा. चूक एका बटणाने मागे घेता येते. शाडूच्या कारागिराला ती सोय नाही, म्हणून तो आधी पाहतो आणि मग हात लावतो. मी उलटे करत होतो.

माझी मोठी चूक म्हणजे मी सुरकुत्यांपासून सुरुवात केली. गोळ्यावर सुरकुत्या कोरल्या की सुरकुतलेला गोळा तयार होतो. आधी कवटी हवी: कपाळ, डोळ्यांच्या खोबणी, गालाची हाडे, जबडा. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिका ते हमखास वर चढवतो, कारण केसांखालचा भाग तो मोजतच नाही. पापणी काढायची नसते. आधी नेत्रगोल ठेवायचा आणि त्यावर पापणी गुंडाळायची. प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे चोवीस मिलिमीटरचा. माणसामाणसांत त्यात फार थोडा फरक असतो, म्हणून बाकीचे माप त्यावरून लावता येते. फोटो जवळून काढलेला असेल तर नाक फुगते आणि कान मागे लपतात. तेव्हा निदान दोन मीटर लांबून काढलेला फोटो घ्यावा.

नाकाची रुंदी आणि उंची मोजताना मला रिस्ले आठवला. या इंग्रज अधिकाऱ्याने जातवार नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा सिद्धांत मांडला. बाबासाहेबांनी १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात हीच मापे हाती घेतली. घुर्यांनी दिलेले नासिकांक समोर ठेवून त्यांनी दाखवले की, या शास्त्रावर विश्वास ठेवायचाच असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. मोजपट्टी तीच होती. रिस्लेला जात हवी होती, शिल्पकाराला एक माणूस हवा असतो. जातीची सरासरी काढून कुणाचाही चेहरा तयार होत नाही. हे वाचून मला पटलेच होते. पण स्वतः नाक घडवताना ते बोटांना कळले.

तयार डोकीही मिळतात. मला मिळाली ती बहुतेक गोऱ्या युरोपीय पुरुषांची होती. त्यावर काम केले की आपला माणूस थोडा रंगवलेला परका दिसतो. मी गोळ्यापासूनच करतो. वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट. हा प्रोग्राम डावीकडे केलेले उजवीकडे आपोआप उमटवतो. सुरुवातीला ही सममिती सोयीची असते. पण कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. ती वेळेवर बंद केली नाही तर डोके मेलेले दिसते.

सध्या वडिलांचे डोके घेतले आहे. त्यांचा एकच फोटो आहे, कामाच्या ओळखपत्रावरचा, समोरून काढलेला, हनुवटीवर शिक्का पडलेला. बाजूने ते कसे दिसत, याचा पुरावा कुठेच नाही. कान मी काकांचे पाहून केले. रात्री जेवणे झाली की आई संगणकाशेजारी बसते. परवा म्हणाली, "डावा गाल बसेल होता त्याईचा. दाढा काढल्या तवापासून." फोटोत हे दिसत नाही. मी सममिती बंद केली आणि डावा गाल थोडा दाबला.

"आनखी," आई म्हणाली.